मुंबईहून छोट्या विमानाने डोंगरावर जेवायला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार आसनी, एका इंजिनाच्या विमानाने सकाळी मुंबई सोडायची, डोंगरावरच्या एखाद्या गावात जेवायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. हे ऐकलं की लोक जे विचारतात, त्याची ही उत्तरं. उदाहरण बहुतेक ठिकाणी कोल्हापूर-पन्हाळ्याचं घेतलं आहे, कारण मुंबईकरासाठी त्याहून चांगली जागा मला तरी दिसत नाही.

एका दिवसात हे खरंच जमतं का?

जमतं. फक्त वेळापत्रक परतीच्या उड्डाणापासून उलटं मोजत यायचं. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. बाहेर बघत उडवायच्या नियमांनी, म्हणजे व्हीएफआरने उडणाऱ्याला उजेडातच उतरावं लागतं. हाताशी दोन तास शिल्लक हवेत, म्हणजे मुंबईत चारच्या आत. म्हणजे कोल्हापुरातून दोनला चाकं सुटली पाहिजेत, पन्हाळ्यावरून साडेबाराला निघालं पाहिजे आणि पान साडेअकराला मांडलेलं पाहिजे. दुपारचं जेवण म्हणायचं खरं, पण वेळ गिरणीतल्या पहिल्या पाळीच्या डब्याची.

त्याच हिशोबाने सकाळी आठला उड्डाण आणि पावणेसातला विमानतळावर हजर. ज्यांच्या घरी रविवारी दहापर्यंत पडदे उघडत नाहीत, त्यांनी हा बेत करू नये.

महाबळेश्वर का नाही? पाचगणीचं टेबललँड तर सपाट आहे!

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. महाबळेश्वर-पाचगणीला विमानाची धावपट्टीच नाही. टेबललँड लांबून गुळगुळीत दिसतं, पण तो जांभ्या दगडाचा उघडा सडा आहे. खाचखळगे आहेत, घोडे आहेत, सहलीला आलेली शाळा आहे. शिवाय हा सगळा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. विमान उतरतं ते विमानतळावर, मोकळ्या जागेवर नव्हे.

माथेरानला तर मोटारही वर नेता येत नाही. लोणावळ्यासाठी पुण्याला उतरायचं म्हटलं, तर लोहगाव हवाई दलाचा तळ, तिथे परवानगी आणि पार्किंगची मारामार, आणि मग उलटं घाटाकडे मोटारीने यायचं. तेवढ्या वेळात एक्सप्रेसवेने जाऊन चिक्की घेऊन माणूस घरी परत येतो.

मग जायचं कुठे?

विमानतळ पठारावर आणि जेवण डोंगरावर, अशी जोडी शोधायची. मुंबईहून तीन जोड्या सुचतात.

नाशिकजवळचं ओझर हवेतल्या अंतराने सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे पाऊण तास ते तासभर. तिथून मोटारीने त्र्यंबक. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे बरं, पण रस्त्यानेही नाशिक काही लांब नाही, त्यामुळे विमानाची खरी कमाई होत नाही.

बेळगाव आणि तिथून आंबोली: जागा सुंदर, पण उतरल्यावर घाटाकडे सत्तरेक किलोमीटर मोटार. एका दिवसात दमछाक होते. मुक्काम करणार असाल तरच.

कोल्हापूर आणि पन्हाळा: हवेतून सरळ रेघेत साधारण ३१० किलोमीटर, छोट्या विमानाला पावणेदोन तास. उजळाईवाडीच्या विमानतळापासून पन्हाळा तीसेक किलोमीटर, शहरातली गर्दी धरून तासभर. रस्त्याने मुंबईहून याच कोल्हापूरला जायला सात तास तरी लागतात. म्हणजे विमानाचा खर्च इथे वसूल होतो, निदान वेळेत.

जुहूहून की सांताक्रूझहून?

मनाने विचाराल तर जुहू. १९२८ पासूनचा हा विमानतळ, देशातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले. आज तिथे राज्य आहे ते हेलिकॉप्टरांचं, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणाऱ्या. छोट्या विमानाला धावपट्टी आहे, पण जागा, वेळ आणि परवानगी आधी पक्की करावी लागते.

सांताक्रूझला मोठ्या विमानांच्या रांगेत छोट्याला शेवटचा पाट मिळतो. गर्दीच्या वेळी खासगी विमानांवर निर्बंध असतात आणि पार्किंग महाग. दोन्ही विमानतळ इतके शेजारी आहेत की २४ सप्टेंबर १९७२ रोजी सांताक्रूझला जायचं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ चुकून जुहूला उतरलं आणि धावपट्टी संपून पुढे गेलं. शेजारामुळेच जुहूहून निघालेल्याला मुंबईच्या नियंत्रकाच्या परवानगीशिवाय एक फूटही वर जाता येत नाही. "आणखी खाली राहा" हे वाक्य पहिली काही मिनिटं ऐकायची तयारी ठेवा.

आणि हो, मुंबईवर वाटेल तसं घिरट्या घालायचं डोक्यात असेल तर काढून टाका. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रावरचं आकाश तर निषिद्ध आहेच, पण मलबार हिलवरच्या पारशी दोखम्यावरचंही, म्हणजे त्यांच्या अंत्यविधीच्या जागेवरचंही, आहे.

विमान कोण उडवू शकतं?

डीजीसीएचं, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक संचालनालयाचं, खासगी वैमानिक लायसन्स, म्हणजे पीपीएल, असलेला माणूस. वय किमान १७, दहावी पास, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, रेडिओचं लायसन्स आणि किमान ४० तासांचं उड्डाण. प्रत्यक्षात ४० तासांत कोणी तयार होत नाही. आणि घाट ओलांडून प्रवासी घेऊन जाणं हे नुकतं लायसन्स हातात पडलेल्याचं काम नव्हे. पहिल्यांदा शेजारी प्रशिक्षक बसवून हाच रस्ता करावा.

पेट्रोलचे पैसे वाटून घेतले तर चालेल ना?

हा विषय हसण्यावारी नेऊ नका. पीपीएलवर मोबदला घेऊन उडवता येत नाही आणि खासगी नोंदणीच्या विमानात भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. भाड्याने जायचं तर ज्याच्याकडे चार्टरचा परवाना आहे त्याच्याकडूनच जायचं. मित्राच्या विमानातून गेलात तर जेवणाचं बिल तुम्ही भरा. ते कोणी अडवलेलं नाही.

चार आसनं आहेत, म्हणजे चौघं जाऊ शकतो?

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. सेसना १७२ धरू. उडताना जास्तीत जास्त वजन ११५७ किलो. रिकामं विमानच साडेसातशेच्या वर. राहिले चारशेच्या आत-बाहेर. टाकीत दोनशे लिटर इंधन मावतं, ते जवळजवळ १४५ किलो. उरले अडीचशे. त्यात वैमानिकासह तीन माणसं आणि एखादी पिशवी.

इंधन कमी भरून चौथा बसवता येतो, पण मग परतीसाठी तिकडे भरावं लागेल, आणि ते तिकडे मिळेल याची खात्री नसते. या विमानांना लागतं ते अॅव्हगॅस. प्रवासी जेटचं एटीएफ यांना चालत नाही. अॅव्हगॅस २०२२ पर्यंत आपण परदेशातून आणत होतो. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते देशात बनवायला सुरुवात केली. तरी ते प्रत्येक विमानतळावर ठेवलेलं नसतं. ताशी ३५ लिटरच्या हिशोबाने कोल्हापूर जाऊन-येऊन सव्वाशे लिटरच्या आसपास जातं. म्हणजे मुंबईत टाकी भरली की परत येईपर्यंत पुरून वर राखीवही राहतं. म्हणून तिघंच.

वजन विचारलं की खरं सांगा. "साठ असेल" म्हणणारे काका काट्यावर ब्याऐंशी भरतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. काटा हँगरमध्ये असतो, पिशवीसकट उभं राहायचं, लाजायचं नाही.

वाटेत काय दिसतं? डोंगर किती उंचावरून ओलांडायचा?

नकाशावर जुहू ते कोल्हापूर सरळ रेघ ओढा. प्रत्यक्षात नियंत्रक थोडं इकडे-तिकडे वळवतात, पण कल्पना येते. खाडी आणि कोकणपट्टी संपता संपता डावीकडे रायगड. मग घाटाची भिंत जवळ येते आणि डावीकडेच प्रतापगड, त्याच्या मागे महाबळेश्वरचं पठार. तिथे उतरता येत नाही याची चुटपुट लागायला नको इतकं ते वरून छान दिसतं. पुढे कोयनेचा शिवसागर, बोटं पसरल्यासारखा दऱ्यादऱ्यांतून शिरलेला. मग वारणेचं खोरं, उसाचे हिरवे चौकोन आणि उतरायच्या थोडं आधी उजवीकडे पन्हाळा.

गळीत हंगामात गुऱ्हाळांचे धूर जागोजागी उभे असतात. वैमानिकाला ते फार उपयोगी. धूर सरळ वर चालला असेल तर वारा शांत, आडवा झोपला असेल तर खाली वारा जोरात, आणि कुठे झोपलाय त्यावरून दिशाही कळते. विमानतळाने रेडिओवर वारा सांगायच्या आधी तो गुऱ्हाळाने सांगितलेला असतो.

उंचीचं म्हणाल तर महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा ४,७०० फुटांच्या घरात. नियमाने दक्षिण-पूर्वेला जाताना साडेपाच किंवा साडेसात हजार, परतताना साडेसहा किंवा साडेआठ हजार अशा उंच्या धरतात. घाटावर मी साडेसातच्या खाली जाणार नाही. कड्यापासून दोन हजार फूट तरी वर राहावं, आणि कडा सरळ न कापता तिरकं जावं, म्हणजे काही बिनसलं तर थोडं वळून मोकळ्या बाजूला निसटता येतं. दरीत शिरून "जरा जवळून बघू" हा प्रकार मुळीच नाही. सह्याद्रीतल्या दऱ्या वर जाताना अरुंद होत जातात आणि शेवटी कडा असतो. तिथे वळायला जागा नसते.

खूप हलतं का?

सकाळी नाही. ऊन तापलं की हो. काळे कातळ आणि नांगरलेली रानं तापून हवा वर उसळते, बाजूला खाली येते, आणि विमान त्यातून धडधडत जातं. वारा पूर्वेचा असेल तर घाट ओलांडून कोकणात उतरणाऱ्या बाजूला हवा खाली खेचते. पश्चिमेचा असेल तर हेच देशावरच्या बाजूला. जोराचा वारा असेल तर ओलांडायचंच नाही.

पोटात ढवळणाऱ्यांनी पुढच्या आसनावर बसावं, दूर क्षितिजाकडे बघावं, मोबाइल बंद ठेवावा. आलेपाक जवळ असू द्या. पिशवीही असू द्या, आणि ती आधीच हातात असू द्या.

दुपारी विमान चढत नाही म्हणतात, ते काय?

हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवेत पंख, पंखा, इंजिन तिघांचाही जोर कमी पडतो. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश धरतात. दर जादा अंशाला साधारण १२० फूट धरा. एप्रिलातल्या दुपारी ३८ अंश असले, तर २७ गुणिले १२० म्हणजे ३,२४० फूट वाढले. विमानाच्या लेखी तो विमानतळ पाच हजार दोनशे फुटांवर आहे, महाबळेश्वराच्याही वर. जुहूला थंड सकाळी जेवढं धावून उडालात, त्याच्या जवळजवळ दीडपट धावावं लागतं. धावपट्टी पुरून उरते, पण चढ मंदावतो, आणि समोर घाट असतो.

म्हणूनच परतीची वेळ जेवणाच्या गप्पांवर सोडायची नाही.

कोणत्या महिन्यांत जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही सकाळी कोल्हापुरात नदीकाठचं धुकं आणि मुंबईवर धुरकट पट्टा असतो. दृश्यता पाच किलोमीटर नसेल तर थांबायचं. मार्चात चालतं, लवकर आटपायचं. एप्रिल-मे मध्ये वळीव. कोल्हापूरकडे दुपारी तीननंतर काळे ढग बांधून येतात आणि अर्ध्या तासात गारा. त्या ढगाच्या आसपासही छोट्या विमानाने फिरकू नये. जून ते सप्टेंबर विसरा. पावसाळी घाट मोटारीतून बघायचा. वरून दिसतो तो नुसता ढग, आणि ढगाच्या आत डोंगर.

परवानग्या किती?

उड्डाण आराखडा दाखल करायचा, मग हवाई दलाकडून एडीसी, म्हणजे हवाई संरक्षणाच्या परवानगीचा, नंबर आणि फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरकडून एफआयसी नंबर घ्यायचा. हे दोन नंबर नसतील तर विमान हलत नाही. कोल्हापूर विमानतळाची उघडी वेळ आणि पार्किंग आधी विचारायचं. प्रवाशांकडे फोटो असलेलं ओळखपत्र हवं, सुरक्षा तपासणी होते. विमानतळावर विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

पन्हाळ्यावर जेवायचं काय?

झुणका-भाकर. लोक कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा म्हणतात, आणि मुक्काम असेल तर मीही तेच म्हणेन. पण दीडदोन तासांनी तापलेल्या हवेतून घाट ओलांडायचा आहे. मटणावर ताव मारून आलेला माणूस मागच्या आसनावर कराडच्या आसपास हिरवा पडतो.

पन्हाळ्यावर बायका चुलीवर भाकरी थापून देतात. ज्वारीची भाकरी परातीत थापताना मनगटाला लागून कड फिरत जाते, तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, मग ती निखाऱ्याला उभी केली की फुगते. बरोबर झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, बुक्कीने फोडलेला कांदा आणि मातीच्या भांड्यातलं घट्ट दही. खर्डा जपून घ्या. मुंबईचा ठेचा खाऊन तयार झालेली जीभ इथे उपयोगाची नाही. वैमानिकाने अर्धी भाकर कमी खावी. पोट जड झालं की डोळे जड होतात, आणि दोनची वेळ तशीही पेंगेची.

अर्धा तास हाताशी असेल तर तीन दरवाजा बघा किंवा अंबरखाना, दोन्ही नाही. १६६० मध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला तो हाच गड, कवी मोरोपंतांचा जन्म इथलाच, आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. सगळं एका जेवणाच्या फटीत बसत नाही.

टॅक्सीवाल्याला आधी सांगून ठेवा, त्याला दिवसभरासाठी धरा. "इमानातनं निसतं जेवायला आलायसा व्हय?" हे तो विचारणार. हो म्हणायचं.

एखादी बिअर?

वैमानिकाला नाही. आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास दारू वर्ज्य आणि श्वासचाचणीत शून्य. रात्री पार्टी झाली असेल तर सकाळचा बेत रद्द. प्रवाशांनीही टाळावी, कारण पुढचा प्रश्न.

विमानात टॉयलेट असतं का?

नाही. पावणेदोन तास. सकाळचा दुसरा चहा घेऊ नका.

आईला, मुलांना नेऊ का?

तब्येत ठीक असेल तर अवश्य. केबिनमध्ये दाब राखलेला नसतो, बाहेरची हवा तीच आतली. साडेसात हजार फुटांवर वेफर्सचं बंद पाकीट फुगून टम्म होतं. कानाच्या आत तेच चाललेलं असतं. सर्दी झालेल्याला नेऊ नका, उतरताना कान ठणकतात. लहान मुलाला उतरताना काहीतरी चघळायला द्या. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. इंजिनाचा आवाज फार असतो, हेडसेट प्रत्येकाला हवा.

खर्च किती येतो?

स्वतःचं विमान नसेल तर क्लबच्या विमानाचा ताशी दरच पाच आकडी असतो, आणि तुम्हाला साडेतीन तास लागतात. वर उतरण्याचं शुल्क, पार्किंग, टॅक्सी. चार्टर घेतलंत तर हिशोब वेगळाच: विमान दिवसभर तुमच्यासाठी थांबणार, किमान तासांचं बिल लागणार, वर जीएसटी. शंभर-दीडशे रुपयांच्या झुणका-भाकरीसाठी हे करायचं का, असं बायको विचारते तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. नुसतं जेवायचंच असेल तर सीएसएमटीहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस सुटते, सकाळी कोल्हापुरात सोडते, आणि तिच्यात टॉयलेटही आहे.

हेलिकॉप्टर बरं नाही का?

महाबळेश्वरला हेलिपॅड आहे, तिथे थेट उतरता येतं, हे खरं. पण ते भाड्याने घ्यायचं म्हणजे फार महाग, आणि ढग, वारा, उजेड यांचे नियम त्यालाही आहेतच.

हवा बिघडली आणि परत येता आलं नाही तर?

राहायचं. प्रत्येकाच्या पिशवीत एक कपड्याचा जोड, औषधं, मोबाइलचा चार्जर असावा, आणि सोमवारी सकाळी कोणाचीही चुकवता न येणारी मीटिंग नसावी. हवेपेक्षा ही मीटिंग जास्त घातक; तिच्यामुळेच लोक वैमानिकाला "बघा ना, थोडं उघडलंय" म्हणून गळ घालतात. बसण्याआधीच सांगून ठेवावं की परत फिरायचं किंवा थांबायचं ठरलं तर त्यावर मतदान होणार नाही.

थांबायची वेळ आलीच तर विमान दोरांनी नीट बांधून घ्या, विमानतळावर मुक्कामाचं कळवा, घरी फोन करा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, बघायचा, परत एडीसी, परत एफआयसी. आणि त्या रात्री उड्डाणाला बारा तासांहून जास्त वेळ असला तरी वैमानिकाने पांढऱ्या रश्शावरच भागवावं.